शिवेतला घोडा

पेन्सिलीला टोक केलं की बाबूजी ते आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर ओढून पाहत. नखावरची रेघ केसापेक्षा जाड दिसली की पुन्हा ब्लेड. मग एक डोळा मिटून समोरच्याकडे बघत आणि म्हणत, "रेघ बारीक काढजो बाप्पा. जाड रेघेत मानूस बुडून जाते."

मी नवीन लागलो तेव्हा हे वाक्य मला विनोदी वाटलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्याची नक्कलही करायचो. नकलेला लोक हसायचे. बाबूजी स्वतः एकदा दारात उभं राहून ती पाहून गेले आणि दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "डोया उजवा मिटतो मी. तू डावा मिटून राह्यला."

आमचं ऑफिस जमीन मोजणीचं. बाबूजी तिथले ट्रेसर. जुन्या गावनकाशावर दुधी कापड अंथरायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी पगारावर लोकांचे बांध मोजणारा. त्यांनी काढलेली रेघ तीन पिढ्या टिकायची, मी मोजलेली जमीन पुढच्या तक्रारीपर्यंत. एकदा माझ्या मोजणीत एका माणसाची विहीर शेजाऱ्याच्या वावरात गेली. पाण्यासकट. दुसऱ्यांदा मी एकच वावर दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा वेगळं भरलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, मधे पाऊस झाला होता. असो. माझा हात मोजणीत कच्चा आहे, हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

नकाशे संगणकात गेले आणि बाबूजी निवृत्त झाले. त्यांच्यामागे ती जागाही रद्द झाली. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. एका शनिवारी भाजी घेताना भेटले आणि म्हणाले, "उद्या येजो. दोन डोके पायजेत. एक माहं हाय, दुसऱ्या जागी तुह्यं चालून जाईन."

मी गेलो. समोरच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि टेबलावर बुद्धिबळाचे दोन पट शेजारी शेजारी मांडलेले. विकतचे नव्हेत. नकाशाच्या दुधी कापडावर त्यांनी स्वतः शाईनं आखलेले. दोन पटांच्या मधे एका घराएवढी रिकामी पट्टी.

"हे काय, बाबूजी?"

"दोन गावं."

"अन् मधात?"

"मधात शीव."

काकू आतून पाणी घेऊन आल्या. "या भाऊ. मले वाटलं निवृत्त झाले त घरात दोन हात वाढतीन कामाले. त इथं गावं वसवून राह्यले."

खेळ असा. सोंगटी एका पटाच्या कडेवरून पुढे सरकली की ती लगेच दुसऱ्या पटावर जात नाही. निदान एक खेळी ती शिवेत थांबते. शिवेत असताना तिला कोणी मारू शकत नाही, तीही कोणाला मारू शकत नाही. नंतर खेळणारा म्हणेल तेव्हा ती हव्या त्या गावात उतरते. ऐकायला सोपं. मी ऑफिसच्या क्रीडा स्पर्धेत बुद्धिबळाचं दुसरं बक्षीस मिळवलेलं होतं. स्पर्धक दोनच होते ही गोष्ट वेगळी. मी ताबडतोब पेच ओळखला आणि दहाव्या खेळीला माझा राजा उचलून शिवेत ठेवला. आता मारा म्हटलं.

बाबूजींनी पेन्सिल खाली ठेवली. "राजा कोन्या गावात हाय आता?"

"कोणत्याच नाही. म्हणून तर मरत नाही."

"मंग हे बाकीचे कोनासाठी लढून राह्यले?"

मी माझ्या प्याद्यांकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या भर दुपारी ती सगळी लाकडं मला एकदम पोरकी दिसली. मी गुपचूप राजा परत आणला. पुढच्या दोन खेळींत तो मेला.

त्यानंतरचे कितीतरी रविवार मी त्या खोलीत घालवले. डाव संपला की पुढच्या वेळी खेळ बदललेला असे. एकदा दोन पट शेजारी न मांडता एकावर एक मांडले, मधे काच. वरच्या पटाच्या पारदर्शक कापडातून खालची सोंगटी पाण्यातल्या माणसासारखी दिसायची. वर मेलेला उंट खाली जिवंत होऊन चालायला लागायचा. एकदा तीन पट एका टोकाला मिळवून ठेवले, तीन गावांच्या हद्दी दगडाला मिळतात तसे. त्या टोकाशी माझा वजीर अडकला आणि तीन आठवडे कोणत्या बाजूनं बाहेर काढावा ते आम्हाला ठरवता आलं नाही. प्रत्येक डाव संपला की बाबूजी चारी बाजूंनी वाकून शिवेत काय उरलं ते पाहत आणि रद्दी नकाशाच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहीत: "एक बाकी." कधी "दोन बाकी." आणि तो खेळ रद्द.

"जिंकलात ना? मग रद्द कशाला?" मी एकदा विचारलंच.

"शिवेत एक प्यादं राह्यलं."

"राहू द्या. खेळ संपला."

"तेच त. खेळ संपला अन् ते आतच राह्यलं. त्याले कोन आनन?"

"मग असा नियम करा, आत कोणी असेपर्यंत खेळ संपणार नाही."

"केलता. मंग खेळ संपतच नाई. हरनारा एक सोंगटी आत ठेवून बसते, जनमभर." त्यांनी पेन्सिल नखावर ओढली. "खेळ संपला पायजे. अन् आत कोनी राह्यलं नाई पायजे. दोन्ही एका टायमाले. असा नियम कोठीतरी असंनच."

तुमच्याही ओळखीत असे नादिष्ट लोक असतील. कोणी मोडकी घड्याळं उघडून बसतं, कोणी पाण्यावर चालणारी मोटार बनवतं. त्यांच्याकडे पाहून आपण हसतो, कारण त्यांना काय हवं आहे ते त्यांनाच माहीत नसतं. बाबूजींना मात्र अगदी नेमकं माहीत होतं. मला कळायला वेळ लागला, एवढंच.

शेवटचा खेळ चार पटांचा, आणि हा त्यांनी बदलला नाही. चार गावं, मधे अधिकच्या चिन्हासारखी शीव. आता शिवेत गेलेली सोंगटी पट्टीवर न ठेवता पत्र्याच्या एका जुन्या कंपासपेटीत ठेवायची आणि झाकण लावायचं. "शिवेत गेलेलं दिसत नसते," हे त्यामागचं कारण. तीन पटांवरच्या सोंगट्या नव्या, वर्ध्याच्या बाजारातून आणलेल्या. चौथ्या पटावरच्या जुन्या, लाकडी, हातांनी काळवंडलेल्या. त्यांत एक पांढरा घोडा कमी होता.

मी खिशातून एक बाटलीचं झाकण काढून रिकाम्या घरात ठेवलं. "हा घोडा समजा."

बाबूजींनी झाकण उचलून माझ्या हातात दिलं. "त्याची जागा नको भरू. तो हाय."

"कुठं?"

त्यांनी कंपासपेटीकडे बोट केलं. खेळ अजून सुरू झाला नव्हता. मी पेटी उचलून कानाशी हलवली. रिकामी.

"हालवू नको," ते म्हणाले. "झोपला असंन."

मी हसलो. ते हसले नाहीत. स्वयंपाकघरात काकूंच्या हातातली कपबशी वाजायची थांबली.

ती गोष्ट मला काकूंनी सांगितली नाही, बाबूजींनीच सांगितली, आणि तीही घोड्याची चाल समजावून सांगावी तशी. त्यांचं मूळ घर हिंगणीच्या पुढे, जंगल सुरू होतं तिकडे. दोन भाऊ. धाकटा बावीस वर्षांचा. एका उन्हाळ्यातल्या दुपारी ओसरीवर दोघांचा डाव रंगला होता, याच सोंगट्यांवर. डाव धाकट्याचा चढता होता. तेवढ्यात त्याला आठवलं की वावरातली मोटर सुरूच राहिली आहे. मोठा भाऊ मागे सोंगट्या सरकवेल म्हणून त्यानं आपला पांढरा घोडा शर्टाच्या खिशात टाकला. म्हणाला, "आलोच." आणि सायकल काढून गेला.

मोटर बंद केलेली सापडली. सायकल परतीच्या रस्त्यावर सापडली, दोन गावांच्या शिवेवर, स्टँडवर नीट लावलेली. तो सापडला नाही.

"अन् शीव अशी," बाबूजी म्हणाले, "का एका अंगचं गाव एका ठान्यात, दुसऱ्या अंगचं दुसऱ्या. हे म्हनत त्यायच्या हद्दीत, ते म्हनत यायच्या. शेवटी दोघंबी आपल्या ऑफिसात आले नकाशे पाहाले. दोन्ही गावांचे नकाशे कोन काढलते?"

माझी नजर त्यांच्या पेन्सिलीवर गेली.

"म्या काढलते. टेबलावर आनून लावले एकाले एक. जुयलेच नाई. मधात फट. तांदुयाच्या दान्याएवढी. नकाशावर दाना म्हंजे जमिनीवर बैलबंडी वळवता येईन एवढी जागा. अन् सायकल नेमकी तेवढ्यात. फौजदार म्हने, 'बोला बाबू, कोनाचं?' म्या म्हनलं, साहेब, रेघेनं पाह्यलं त कोनाचंच नाई."

"मग?"

"मंग काय. नकाशे गुंडायले. दोघंबी चालले गेले." त्यांनी नख पाहिलं. "तवा मी रेघ खरी सांगतली. बारीक होती ना. साफ दिसत होती फट."

इतकी वर्षं ते शोधत होते तो नियम कशासाठी होता, हे आता तुम्हालाही कळलं असेल. मला कळलं तेव्हा मी एखादं समंजस वाक्य बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बाबूजी, चाल तुमची आहे." माझ्या चुकांच्या यादीत हेही लिहून ठेवा.

त्यानंतर ती खोली मला पहिल्यासारखी वाटेना. एकदा बाबूजी बाहेर कोणाशी बोलत होते, लाइट गेली, कूलर थांबला. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी गल्लीत कुत्रंही नसतं. त्या शांततेत टेबलावरची कंपासपेटी वाजली. टक्. पत्रा उन्हानं फुगतो आणि वाजतो, एवढं विज्ञान मलाही येतं. फक्त पेटी सावलीत होती. मी ती उघडली नाही. लाइट येईपर्यंत मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधले सगळे सण वाचले.

बाबूजी खंगत चालले होते. जेवण विसरत. काकू म्हणत, "चार पट मांडून बसते हा मानूस, अन् पाटावर या म्हनलं त येत नाई. तुम्ही सांगून पाहा भाऊ. तुमचं ऐकते." ते माझं मुळीच ऐकत नसत. पण काकूंनी हे सांगितलं तेव्हा पदर डोळ्यांना लावला होता, आणि मी बढाईखोर माणूस आहे. म्हणालो, "करतो काहीतरी."

जे केलं ते असं. माझ्या घरी त्या दुसऱ्या बक्षिसाचा संच होता, लाकडी, कापडी पिशवीत, कपाटाच्या डोक्यावर. एका रविवारी निघताना घाईघाईत मी पिशवीत हात घातला, चाचपून घोडा ओळखला, पांढरा आहे एवढं पाहिलं आणि खिशात टाकला. बायको खालून ओरडत होती की सिलिंडरवाला आला आहे, खाली या. बेत साधा होता. बाबूजींची पाठ फिरली की घोडा पेटीत टाकायचा. डावात तो बाहेर आला की "बाकी नाही" असं एकदाचं लिहिलं जाईल. थोडी दया होती, थोडी खोडी होती, आणि खोटं कशाला बोलू, मला माझे रविवारही परत हवे होते.

बाबूजी पाणी प्यायला आत गेले. मी पेटी उघडली, घोडा टाकला, झाकण लावलं. जिभेखाली गोळी लपवलेल्या पोरासारखा बसलो.

डाव लांबला. शेवटी त्यांच्या बाजूचा राजा चौथ्या पटावर कोंडला गेला. एकच खेळी त्याला वाचवू शकत होती: शिवेतला पांढरा घोडा उतरला तर. दर डावात ती खेळी अशीच येई, आणि दर वेळी बाबूजी रिकामी पेटी उघडत, आत पाहत, मिटत, आणि राजा आडवा करत.

त्यांनी पेटी उघडली.

पेटी त्यांनी उजेडाकडे फिरवली. मग दोन बोटांनी त्यांनी घोडा उचलला. त्याच्या डाव्या कानावरून अंगठ्याचं नख फिरवलं, पेन्सिलीचं टोक पाहायचे तसं. पुन्हा फिरवलं.

"याचा कान," ते म्हणाले.

"काय झालं कानाला?"

"चावलेला हाय. त्याले सवय होती. चाल सुचली नाई का घोड्याचा कान चावत बसे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोठून आला?"

हा क्षण होता. इथं मी सांगायला हवं होतं की बाबूजी, माझ्या कपाटावरून आला. पण त्यांचा चेहरा मी असा कधीच पाहिला नव्हता, आणि माझ्या तोंडात नेहमीची थट्टा तयारच असते.

"शिवेतून," मी म्हणालो. "तुमचाच नियम."

त्यांनी घोडा पटावर उतरवला. नेमक्या घरात. डाव सात खेळींत संपला. ते जिंकले. चारी पट वाकून पाहिले, पेटी उलटी करून टेबलावर आपटली, आणि नकाशाच्या पाठीवर लिहिलं, "बाकी नाही."

"एवढे वर्षं चुकलो मी," ते शांतपणे म्हणाले. "बाहेर याचा नियम शोधत होतो. आतलं मानूस आपल्या मनानं बाहेर येत नसते. कोनीतरी आत जाऊन आनावं लागते." त्यांची नजर माझ्या उजव्या हातावर होती. मी तो टेबलाखाली घेतला.

त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले, असं काकूंनी नंतर सांगितलं. दोनदा वरण मागून घेतलं.

सोमवारी सकाळी त्यांनी स्कूटर काढली. शर्टाच्या खिशात तो घोडा. काकूंनी विचारलं, "काऊन, कोठी?" तर म्हणाले, "हिंगणीकडे. आलोच."

स्कूटर दुपारच्या आत सापडली. त्याच शिवेवर, स्टँडवर लावलेली. किल्ली तिलाच.

तक्रार आता कुठल्याही ठाण्यात घेतात, तसा कायदा आहे. घेतली. पण शोधायला माणसं कोणी पाठवायची, यावर दोन ठाण्यांत कागद फिरायला लागले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी माझ्यानं राहवेना. कपाटावरची कापडी पिशवी घेऊन मी काकूंकडे गेलो. चार पट तसेच मांडलेले होते. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. "काकू, तो घोडा माझा होता. मी ठेवला पेटीत. माझ्यामुळे गेले ते."

काकूही माझ्यासमोर फरशीवर बसल्या. मग म्हणाल्या, "दाखवा."

"काय?"

"तुमच्यातला कमी हाय ना. दाखवा मले."

मी पिशवी फरशीवर ओतली. काकूंनी सोंगट्या जोडीजोडीनं लावायला घेतल्या, डाळ निवडावी तशा. राजे, वजीर, हत्ती, उंट. काळे घोडे दोन. मग त्यांचा हात थांबला.

पांढरे घोडेही दोन होते.

मी मोजले. बत्तीस. पुन्हा मोजले. माझा हात कच्चा आहे म्हणून काकूंनी मोजले. बत्तीसच. पिशवी उलटी करून झटकली, तिच्यातून थोडी धूळ पडली.

"तुमचा त पुरा हाय, भाऊ," काकू हळूच म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "मंग तो कोनाचा होता?"

माझ्याकडे काही स्पष्टीकरणं आहेत. बक्षिसाच्या संचात कारखान्याच्या चुकीनं एक घोडा जास्त आला असेल. माझ्या पोरीनं शेजारच्या मुलांचा एखादा उचलून आणला असेल. मी ही सगळी काकूंना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, उठल्या, कंपासपेटीचं झाकण उघडलं आणि तसंच ठेवलं. "राहू द्या उघडं," म्हणाल्या.

आठवड्याभरानं साहेबांनी मला बोलावलं. हद्दीचा वाद मिटवायला मोजणी मागितली होती आणि दुसरा कोणी रिकामा नव्हता. नाहीतर असल्या कामावर मला कोण पाठवणार? मी मशीन घेऊन गेलो. आता साखळ्या ओढाव्या लागत नाहीत. काठीवर यंत्र उभं करायचं, ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून जागा सांगतं. कालव्याच्या पलीकडे, सागाच्या रांगा सुरू होतात तिथं, शिवेचा शेंदूर लावलेला दगड आहे. वरातीच्या गाड्या तिथं थांबून नारळ फोडतात. दगडाजवळ जुन्या करवंट्या पडल्या होत्या. दोन्ही ठाण्यांचे दोन हवालदार दोन झाडांखाली बसले होते, आपापल्या गावात.

स्कूटरच्या जागी मी यंत्र रोवलं. वारा नव्हता. यंत्रानं आकडा दिला. मी तो पहिल्या गावाच्या नकाशावर टाकला. हद्दीच्या बाहेर. दुसऱ्या गावाच्या नकाशावर टाकला. हद्दीच्या बाहेर. दोन रेघांच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट, आणि तिच्यात तो ठिपका. नकाशे संगणकात गेले तरी रेघा त्यांच्याच होत्या. केसासारख्या. इतक्या स्वच्छ की शंका घ्यायला जागाच नव्हती.

"बोला साहेब," एक हवालदार झाडाखालूनच म्हणाला. "कोनाचं?"

आयुष्यात मी मोजणीत पुष्कळ चुका केल्या. सगळ्या न कळत केल्या. त्या दिवशी पहिल्यांदा कळून केली. एका गावाची हद्द मी दाण्याएवढी सरकवली आणि रेघ जाड काढली, चांगली बोरूनं काढल्यासारखी. कोणतं गाव ते सांगत नाही, सरकारी कागदावर माझी सही आहे. निवडताना निकष एवढाच लावला की कोणत्या ठाण्याची जीप चालू स्थितीत आहे.

"तुमचं," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी माणसं आली. जंगल पाहिलं, विहिरी पाहिल्या, कालव्यात गळ टाकले. काही मिळालं नाही. अजूनही मिळालेलं नाही. बाबूजी हरवले आहेत, पण निदान आता ते एका गावात हरवले आहेत. त्या गावाच्या कागदावर त्यांचं नाव आहे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं की शोध सुरू आहे. धाकट्याला एवढंही मिळालं नव्हतं.

रविवारी मी अजून जातो. काकू खेळायला शिकल्या आहेत, आणि मला हरवायला त्यांना पाच रविवारही लागले नाहीत. चारही पट मांडायचे, पेटी उघडी ठेवायची. डाव संपला की शिवेत काय राहिलं ते पाहायचं काम माझ्याकडे. परवा मी वाकून पाहिलं, पट चाळले आणि रद्दी नकाशाच्या पाठीवर लिहायला पेन्सिल घेतली.

"एक बाकी," मी म्हणालो.

काकूंनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली, नखावर ओढून पाहिली.

"दोन, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमची मोजनी कच्चीच राह्यली."